एक्क्याऐंशी नंबरचं अस्वल

पाचगणीला मी सतरा वर्षं काढली, पण तिथं बघण्यासारखं जे काही असतं ते मी कधी बघितलं नव्हतं. माणसं लांबून येतात, घोड्यावर बसतात, स्ट्रॉबेरी खातात, फोटो काढतात. मी मुलींच्या एका हॉस्टेलात कपडे आणि अंथरुणं बघायच्या कामावर होते. मागच्या दारानं आत जायचं आणि मागच्याच दारानं बाजारात जायचं. पुढच्या रस्त्यावर काय काय आहे ते मुलींच्या बोलण्यातूनच कळायचं.

त्यामुळे गेल्या एप्रिलमध्ये माझी लेक म्हणाली, "आई, चल, अस्वलांचं म्युझियम बघू," तेव्हा मला वाटलं, खरीच अस्वलं असतील पिंजऱ्यात. नात हसली. म्हणाली, "आज्जी, टेडी बेअर गं. खेळण्यातलं."

आम्ही फिरायला गेलो नव्हतो. नातीला हॉस्टेलच्या शाळेत घालायचं होतं, तिची मुलाखत होती. मी होते ते हॉस्टेल नव्हे, दुसरं. लेक सांगलीला दवाखान्यात नर्स आहे. जावई साताऱ्याकडचे, सैन्यात आहेत, वर्षातून दोनदा येतात. लेकीची पाळी बदलती. रात्रपाळी असली की पोर शेजाऱ्यांकडं झोपते. शेजारी बदलून गेले आणि लेकीनं ठरवलं की जूनपासून पोरीला पाचगणीला ठेवायचं. नात चौथीत जाणार होती. माझी शाळा चौथीत संपली, तिचं चौथीत घर सुटणार होतं.

मी तासगावजवळ आमच्या गावात एकटी असते. हातपाय चालतात. द्राक्षांच्या दिवसांत शेडवर बेदाणा निवडायलाही जाते. मला एवढंच म्हणायचं होतं की पोरीला माझ्यापाशी ठेव. नाहीतर मी सांगलीला येते. हे एक वाक्य मी घरून तोंडात धरून निघाले होते. मलकापूर गेलं, कऱ्हाड गेलं, साताऱ्याला गाडी बदलली, वाईला चहा झाला, पसरणीचा घाट चढलो. वाक्य तोंडातच राहिलं. मला आधीच बोलता येत नाही, आणि लेकीशी तर अजिबातच येत नाही. तिला मी तिच्या सहाव्या वर्षी माझ्या आईपाशी सोडून पाचगणीला गेले होते. मालक वारले होते आणि गावात बायकांना बारमाही काम नव्हतं. आता कोणत्या तोंडानं म्हणायचं, पोरीला घरात ठेव?

मुलाखत चांगली झाली. बाईंनी नातीला इंग्रजीत विचारलं, तिनं इंग्रजीत सांगितलं. मग बाई माझ्याकडं बघून मराठीत म्हणाल्या, "आजी, काळजी करू नका, मुली इथं लगेच रमतात." मी मान हलवली. मुली किती दिवसांनी रमतात ते मला माहीत होतं.

गाडीला वेळ होता म्हणून आम्ही म्युझियमला गेलो.

बंगल्यासारखं घर होतं, वर जायला लाकडी जिना. आत अंधारलं होतं आणि काचेच्या कपाटांत दिवे. आणि सगळीकडं अस्वलं. एवढी अस्वलं बघून मला पहिल्यांदा लाजल्यासारखं झालं, सगळी आपल्याकडंच बघतायत असं. एका कपाटात लग्न लागलं होतं, नवरदेवाला मुंडावळ्या, मध्ये अंतरपाट, मागं मामा. एका कपाटात शाळा होती. बाकांवर अस्वलं बसलेली, फळ्यापुढं चष्मा लावलेली बाई. एक अस्वल फेटा बांधून बैलगाडी हाकत होतं. नात पळत पळत बघत होती. "आज्जी, हा बघ, हा तुमच्या गावातल्या सरपंचासारखा दिसतोय." लेक हसली. मुलाखतीपासून ती पहिल्यांदाच हसली.

माहिती सांगायला एक मुलगी होती, विशीतली असेल. मला म्हणाली, "मावशी, सावकाश बघा, जिन्याला जपून." मावशी म्हटल्यावर माझी मान आपोआप वळली. हॉस्टेलात सतरा वर्षं माझं तेवढंच नाव होतं.

शेवटच्या खोलीत एका कपाटात दोनच अस्वलं ठेवली होती. एक अगदी झिजलेलं. एक डोळा नाही, पोटावरची लव गेलेली, कान चोखून चोखून काळा पडलेला. शेजारी दुसरं, त्याच वयाचं म्हणे, पण कालच दुकानातून आणल्यासारखं. कानातली चिठ्ठीसुद्धा तशीच.

ती मुलगी म्हणाली, "ह्यातलं जास्त मोलाचं कोणतं, सांगा बघू?"

नातीनं झिजलेल्याकडं बोट केलं.

"नाही. हे नवं दिसतं ते. ह्याला कोणी कधी हातच लावला नाही, म्हणून ते दुर्मिळ. असं फार कमी सापडतं."

नातीनं काचेला नाक लावलं. मग म्हणाली, "म्हणजे ह्याला कोणी झोपताना घेतलंच नाही?"

"नाही घेतलं."

"का?"

 ती मुलगी हसून पुढं गेली. तेव्हा लेक काचेकडं बघत म्हणाली, "आपल्याकडं पण आहे असलं एक. आणून दिलं तर घेतील."

मला कळलं ती कशाबद्दल बोलतेय. ते अस्वल मीच आणलं होतं.

पाचगणीला कामाला लागल्याचं दुसरं वर्ष होतं. हॉस्टेलात प्रत्येक मुलीच्या उशाशी काहीतरी असायचंच. अस्वल, ससा, बाहुली. शाळा सुटताना मुली काय काय मागं टाकून जायच्या आणि मोठ्या बाई म्हणायच्या, "मावशी, घेऊन जा तुमच्या मुलीला." मी कधी नेलं नाही. माझ्या पोरीला कुणाचं उष्टं नको, असं मी ठरवलं होतं. दिवाळीच्या आधी बाजारातून मी नवं घेतलं. तपकिरी, छातीवर पिवळा पट्टा, वीतभर मोठं.

आमच्या हॉस्टेलात प्रत्येक मुलीला नंबर असायचा. तिच्या प्रत्येक वस्तूवर लाल दोऱ्यानं तो नंबर शिवायचा, फ्रॉकच्या कॉलरला, टॉवेलच्या कोपऱ्याला, मोज्याला, अस्वलाच्या तळपायाला. ते शिवायचं काम माझं. नंबर असलेली वस्तू हरवत नाही. धोब्याकडं जाऊ दे, सहलीला जाऊ दे, फिरून आपल्या पोरीपाशी येते. हे मी रोज बघत होते. तेव्हा ऐंशी मुली होत्या. मी एका रविवारी दुपारी खोलीत बसून माझ्या पोरीच्या अस्वलाच्या तळपायाला साखळी टाक्यानं नंबर घातला, एक्क्याऐंशी. ऐंशी मुलींना मी सांभाळते, एक्क्याऐंशीवी माझी. असं माझ्या मनात होतं. नाव शिवता आलं असतं, पण माझी अक्षरं वाकडी येतात आणि आकड्यांवर हात बसलेला होता. आकडा सुरेख आला. मी तो कितीदा तरी बघितला.

गावी नेऊन दिलं तेव्हा पोरीनं ते दोन्ही हातांनी घेतलं, तळपाय बघितला आणि नंबरावरून बोट फिरवलं. मला वाटलं, हरखली.

पुढच्या मे महिन्यात आले तर अस्वल प्लास्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला टांगलेलं. एक डाग नाही. मला किती बरं वाटलं. हॉस्टेलातल्या मुलींना मी सांगायचे, "तुमी बगा, रंगपंचमी करता त्याची. माजी पोर बगा कशी जपतीया." प्रत्येक सुट्टी संपली की मी निघताना पोर ती पिशवी काढून आणायची आणि विचारायची, "आई, नेतीस का हे?" मला वाटायचं, मला सोबत म्हणून देते. मी म्हणायचे, "न्हाई गं, आसू दे तुज्यापाशीच." आणि गाडीत बसून रडायचे, की केवढंसं पोर, आपलं खेळणं आईला देतंय.

म्युझियममधून बाहेर आल्यावर दारापाशी त्यांचं लहानसं दुकान होतं. नात तिथं अस्वल निवडायला लागली. आम्ही दोघी समोरच्या बाकावर बसलो.

मी विचारलं, "तू त्याच्यासंगं कदी खेळलीच न्हाईस व्हय गं?"

"कशी खेळणार? शाळेचं होतं ना ते."

"कुणाच्या शाळेचं?"

"तुझ्या. नंबर होता की त्याच्यावर." ती सहज बोलत होती, दवाखान्यात पेशंटची माहिती सांगावी तशी. "आजी म्हणाली, नंबर हाय म्हंजी परत द्यायचं आसंल. मळवू नगंस, फाडू नगंस, न्हाईतर आईची नोकरी जाईल. मग मी पिशवीत घातलं. तू गेलीस त्या रात्री घेतलं होतं जवळ. सकाळी उठून बघितलं तर कानाला थोडं तेल लागलेलं, माझ्या डोक्याचं. मी आणि आजीनं शिकेकाईनं कान धुतला. उन्हात ठेवला. मला वाटलं, आता तुला काढतील."

लेकीनं पर्स मांडीवर घेतली.

"दर वेळी विचारायचे तुला, नेतीस का म्हणून. तू म्हणायचीस, असू दे. मला वाटायचं, अजून एकदा मुदत मिळाली."

"आगं, ते इकत आणलं हुतं. नवं. तुज्यासाटी."

तिनं माझ्याकडं बघितलं. "मग नंबर कशाला घातलास?"

 ऐंशी आणि एक्क्याऐंशी हे सगळं त्या बाकावर बसून सांगायचं म्हणजे फार लांबचं वाटलं. मी म्हटलं, "हरवू नये म्हनून."

"घरातनं कुठं हरवणार होतं?" ती म्हणाली.

समोर नात एक अस्वल उचलायची, पोटाशी धरून बघायची, ठेवायची, दुसरं उचलायची. दुकानातली बाई कंटाळली होती, पण हसत होती. मला वाटलं, आता नाही बोलले तर कधीच नाही. मी म्हटलं, "पोरीला माज्यापाशी ठेव की. न्हाईतर मी येते सांगलीला. तुज्या घराचा जिना चढीन मी."

 लेकीनं पर्समधली शाळेची यादी काढली, उघडली, परत घडी केली.

"आई, आजीपाशी वाढलेलं पोर कसं होतं, ते मला माहीत आहे."

"माजी आई वाईट नव्हती."

"वाईट कोण म्हणतंय? जीव लावला तिनं. पण मी रोज संध्याकाळी उंबऱ्यावर बसायचे. तासगावची गाडी यायची साडेपाचला. मला माहीत असायचं तू दिवाळीला येणार, तरी बसायचे. बाकीच्या पोरी आईच्या हाताला धरून रानातनं यायच्या आणि मला बघून विचारायच्या, आली का गं? रोज विचारायच्या." ती थांबली. "तिथं हॉस्टेलात तसं नसतं ना? तिथं कुणाचीच आई नसते. कुणी एकटं उंबऱ्यावर बसत नाही."

मी म्हटलं, "आगं पर रडतात तिथं बी."

"रडायच्या त्या मुली?"

"रडायच्या. पैले पंधरा दिवस. काही म्हैनाभर."

"मग तू काय करायचीस?"

खोटं बोलायला हवं होतं. पण मला ते वेळेवर सुचत नाही. मी म्हटलं, "पाठीवर थापटायचे. झोपूस्तोवर."

 लेक हळू आवाजात म्हणाली, "तेच. मला लहानपणी वाटायचं, मला पण तिथं घाला. म्हणजे तू मिळशील."

ती रागानं बोलली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. मी पदरानं हात पुसत बसले, हात काही ओले नव्हते.

तेवढ्यात नात आली. तिनं पांढरं निवडलं होतं, निळा गळपट्टा घातलेलं. "आज्जी, हे चालेल ना हॉस्टेलला? मळेल का?"

"मळू दे," मी म्हटलं. "खुशाल मळू दे."

लेक उठली आणि पैसे द्यायला गेली.

मे महिन्यात मी सांगलीला जाऊन राहिले ते नंबर शिवायला. शाळेची यादी मोठी होती. फ्रॉक, स्वेटर, टॉवेल, चादरी, मोजे, आणि सगळ्यांत शेवटी एक मऊ खेळणं, सगळं नंबरासहित. आता छापील पट्ट्या मिळतात, लेक म्हणाली, पण आई, तुझा टाका टिकतो. नातीचा नंबर त्रेसष्ट. तीन-चार दिवस मी दुपारी खिडकीत बसून लाल दोऱ्यानं त्रेसष्ट शिवत होते. लेक कामावरून आली की माझ्यासमोर बसून चहा प्यायची. आम्ही फार बोलायचो नाही. ती मोज्यांची जोडी लावून द्यायची, मी शिवायचे. एवढा वेळ आम्ही दोघी सलग एका ठिकाणी कधी बसलो होतो, मला आठवत नाही.

पांढऱ्या अस्वलाला मी नंबर घातला नाही. लेकीनं ते पेटीत ठेवताना तळपाय बघितला.

"आई, ह्याला राहिला."

"ऱ्हाऊ दे."

"हरवलं तर?"

"हरवू दे. दुसरं आनू."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि अस्वल कपड्यांच्या वर ठेवलं. पेटी लावली.

जूनमध्ये मी पाचगणीला सोडायला गेले नाही. लेक म्हणाली चल, मी म्हटलं, गुडघा दुखतोय. गुडघा दुखत होता, पण तेवढ्यासाठी मी थांबले नव्हते. त्या हॉस्टेलच्या दारात माझं पाऊल आत जायला मागेल की बाहेर, ते मला कळत नव्हतं. आत गेले तर कुणाच्या तरी पोरीला थापटायला बसेन, असं वाटलं.

लेक सोडून आली. डोळे सुजलेले होते. म्हणाली, "तिनं मला रडू दिलं नाही. म्हणाली, मम्मा, तू जा, गाडी चुकेल." मग भांडी घासायला घेतली. ती सगळी घासलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी मी गावाकडं निघाले. पिशवी भरत होते तेव्हा लेक कपाटावर चढून जुनी ट्रंक काढत होती. तिनं ती प्लास्टिकची पिशवी आणून माझ्यापुढं ठेवली. प्लास्टिक पिवळं पडून कडकडीत झालं होतं.

"आई, नेतीस का हे?"

तिचा आवाज आताच्या वयाचाच होता. पण शब्द तेच होते आणि ती उभीही तशीच होती, पिशवी दोन्ही हातांनी पुढं करून. ती मला ते देत होती की परत करत होती, हे मी तिच्या तोंडाकडं बघून ठरवायचा प्रयत्न केला. ठरवता आलं नाही.

मी तळपाय बघितला. लाल दोरा जसाच्या तसा. कधी धुतलाच नव्हता, तर रंग कसा जाणार? मी म्हटलं, "कात्री दे. उसवून टाकते."

"नको उसवू," लेक म्हणाली. "भोकं दिसतील."

मी ते घेतलं. "व्हय, नेते," म्हटलं. हे म्हणायला मला फार वर्षं लागली.

सांगलीच्या स्टँडवर ती मला गाडीत बसवायला आली. तिची पाळी होती, गाडी हलायच्या आधीच तिला निघावं लागलं. मी खिडकीतून ती दिसेनाशी होईपर्यंत बघितलं. मग पिशवी मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, "नातवाला व्हय?" मी म्हटलं, "लेकीचं हाय."

घरी आल्यावर ते पिशवीतून काढलं. प्लास्टिक लवेला चिकटलं होतं, सोलावं तसं काढावं लागलं. आत जुन्या ट्रंकेचा वास होता, दुसरा कसलाच नाही. पोरीचा वास थोडातरी असेल असं मला वाटलं होतं. एका कानाची लव मात्र वेगळी लागली, थोडी राठ, कधीतरी धुतल्यासारखी.

आता ते माझ्या अंथरुणावर असतं. मी खोबरेल लावते डोक्याला. परवा बघितलं तर त्याच कानाला तेलाचा डाग पडला होता, रुपयाएवढा. शिकेकाई घरात होती. मी डाग तसाच ठेवला.